तुमचा सभ्य प्रवास तुम्हालाच लखलाभ

मोटारसायकलींवरून कोकणात उतरणाऱ्या, किनाऱ्याजवळ तंबू ठोकणाऱ्या आणि खाडीत गळ टाकून बसणाऱ्या मित्रमंडळींविषयी सुशिक्षित मराठी घरांत एक मत आता पक्के झाले आहे. ते साधारण असे मांडले जाते: कमावत्या झालेल्या पोरांचे हे खूळ आहे. त्यात जिवाला धोका, गावाच्या शांततेचा भंग आणि मागे प्लास्टिकचा ढीग. वर करमणूक म्हणून मुक्या जिवाच्या जबड्यात आकडा. मग सल्ला येतो. घरच्यांना घेऊन गाडीने जावे, बरेसे रिसॉर्ट आधी ठरवावे, मासे खायचेच तर सुरमईची थाळी कुठेही मिळते. थोडक्यात, सभ्य माणसासारखे फिरावे.

सल्ला देणारी माणसे भली असतात आणि त्यांच्या तक्रारींत काही खऱ्याही आहेत. माझा वाद त्यांच्या गृहीताशी आहे. प्रवासात त्रास जितका कमी तितका तो प्रवास जबाबदार, असे ते धरून चालतात. मला नेमके उलटे दिसते. ज्या प्रवाशाला त्या ठिकाणच्या अटी पाळाव्याच लागतात, तो त्या ठिकाणाशी बरा वागतो. पैसे टाकून अटी चुकवता आल्या की नासधूस सुरू होते. दुचाकीवाल्याला पाऊस चुकवता येत नाही, तंबूवाल्याला जमिनीच्या मालकाला विचारल्यावाचून राहता येत नाही, आणि गळवाल्याला समुद्राचे घड्याळ पाळावे लागते. सभ्य प्रवासाचा सगळा खर्च या तिन्ही गोष्टी टाळण्यासाठी असतो.

खूळ हा शब्द आधी निकालात काढू. रील आणि फोटोंच्या नादाने ही पिढी दोन चाकांवर बसली, असे समजणाऱ्यांनी जरा मागे बघावे. १९२३ साली मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतल्या तिघांनी ती १९२८ मध्ये पुरी केली. त्यांच्याही घरांत कुणीतरी ‘आगबोटीने जा की’ म्हटले असेलच.

जिवाच्या धोक्याचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांतले सुमारे ४४.५ टक्के लोक दुचाकीवरचे होते. हा आकडा आमच्या विरोधात वापरला जातो आणि तो वापरावाच. पण त्याच अहवालात पुढे वाचावे. सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती आहेत आणि हेल्मेट नसल्याने गेलेल्यांची संख्या ५० हजारांवर आहे. हेल्मेटशिवाय कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेल्या माणसाला कुठले कुटुंब अडवते? पाठीवर पॅड, डोक्यावर पूर्ण हेल्मेट आणि पायांत घोट्यापर्यंतचे बूट घालून ताम्हिणी उतरणारा मात्र ‘जिवावर उदार झालेला’ ठरतो.

नेटक्या गटाचे नियम कुणी बाहेरचा लिहून देत नाही, पण ते असतात. सगळ्यांत सावकाश चालवणारा पुढे, सगळ्यांत अनुभवी शेवटी. सूर्य बुडाल्यावर गाडी चालवायची नाही. पाऊस जोराचा लागला तर टपरीचा आडोसा धरायचा आणि मुक्काम अलीकडे आणायचा. एकाची क्लच वायर तुटली तर सगळे थांबतात. आता सभ्य कुटुंबाचा कार्यक्रम पाहा. शुक्रवारी कामावरून यायचे, जेवायचे, ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ म्हणून अकराला निघायचे आणि दिवसभर राबलेल्या माणसाने मागे झोपलेल्या बायकापोरांना घेऊन पहाटेपर्यंत गाडी हाकायची. तीही २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून, जिथे रात्री वळणरस्ता कुठे फुटतो ते फलकालाही ठाऊक नसते. रिसॉर्टची खोली दुपारी बाराला ताब्यात घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची, म्हणून हा आटापिटा. मुक्कामाची वेळ दुसऱ्याने ठरवली की रस्त्याचा वेगही दुसराच ठरवतो.

एका बाबतीत आमचा हिशेब चुकतो, ते सांगून टाकतो. पर्यावरणाचे नाव घेऊन मिरवणाऱ्या दुचाकीस्वारांनी पेट्रोलचे गणित मांडून पाहावे. लिटरला पस्तीस किलोमीटर देणाऱ्या चार मोटारसायकलींवरून चौघे गेले, तर लिटरला पंधरा देणाऱ्या एका मोटारीतून गेलेल्या चौघांपेक्षा जास्त पेट्रोल जाळतात. एका गाडीवर दोघे बसले तर जेमतेम थोडे वाचते. तेव्हा हवेच्या नावाने कुणी आमची बाजू घेऊ नये. चाळीस-चाळीस गाड्यांचे ताफे, मागे सामानाचा टेंपो, आणि कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारी नळी बसवलेल्या बुलेट यांच्या बाबतीत मी टीकाकारांच्या बाजूला आहे. पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली घातले तेव्हा मला आनंदच झाला. पाच-सहांच्या वर गेलेला गट गावात पाहुणा म्हणून शिरूच शकत नाही, तो चाल करूनच येतो. सामानाचा टेंपो मागे असला की मग दुचाकीचाही उपयोग संपला, कारण काय न्यायचे नाही हे ठरवायला लावणे हाच तिचा गुण. मागच्या सीटवर दोरीने आवळून मावेल तेवढेच. तंबू, पातेले, स्टोव्ह, दोन कपडे, गळ. म्युझिक सिस्टिम तिथे बसत नाही, हे गावाचे नशीब.

रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून कागदावर आहे आणि अजून सलग नाही. मधल्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. तोवर आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोटीने जावे लागते. टीकाकार म्हणतील, फेरीबोटीत मोटारही चढते. चढते ना. पण ज्याची खोली बारा वाजता वाट पाहत असते, तो खाड्या टाळून महामार्ग धरतो आणि घाईने थेट गणपतीपुळ्याला उतरतो. धक्क्यावर बोटीची वाट बघत अर्धा तास उभे राहिलेल्या माणसाला समोरच्या गावाचे नाव, तिथल्या शाळेतल्या मास्तरांची बदली, कोलंबीचा भाव आणि या वर्षी आंबा का धरला नाही, एवढे सगळे फुकट कळते. कोकणाविषयी मला जे थोडेफार ठाऊक आहे त्यातला बराच भाग धक्क्यांवरचा आहे. पूल झाले की गावकऱ्यांची सोय होईल आणि ती व्हायलाच हवी. आमच्या हौसेसाठी कुणाच्या आजारी आईने बोटीची वाट पाहावी असे मी म्हणणार नाही.

तंबूवरचा राग मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतो. लोकांच्या डोळ्यांसमोर पवना धरणाच्या काठचे चित्र असते: ओळीने दीडशे तंबू, मधोमध स्पीकर, रात्री बार्बेक्यू, सकाळी पोहे, माणशी ठरलेला दर. त्याला तंबूतले रिसॉर्ट म्हणावे. तिथे आलेल्याला जमीन कुणाची हे विचारावे लागत नाही, पाणी कुठून आणायचे हे बघावे लागत नाही आणि कचरा कोण उचलतो हे तर ठाऊकच नसते. राग करायचा तर तो अशा व्यवस्थेचा करा.

स्वतःचा तंबू घेऊन फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. कोकणात मोकळी दिसणारी जागा बहुधा मोकळी नसते. सड्यावरचा कातळ कुणाच्या तरी भावकीचा असतो आणि त्यात तीन भाऊ मुंबईला असतात. सुरूचे बन वनखात्याचे असू शकते आणि तिथे चूल पेटवणे हा गुन्हा. देवळाच्या आवारात पुजाऱ्याला विचारावे लागते. म्हणून संध्याकाळी चार वाजल्यापासून एकच काम असते, विचारत हिंडणे. ‘काका, आजची रात्र तुमच्या वाडीत तंबू लावू का? सकाळी सातला निघतो.’ दहातले सहा जण नाही म्हणतात आणि त्यांना तो पूर्ण अधिकार आहे. सातवा म्हणतो, लावा, पण माडाखाली नको, नारळ पडतो. ही सूचना कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाची, कारण शहरी माणूस सावली बघून नेमका माडाखालीच तंबू ठोकतो. विहीर दाखवली जाते, बादली कुठे ठेवायची ते सांगितले जाते, आणि घरातली वहिनी ‘भात टाकू का जास्तीचा’ म्हणून विचारते. ज्याच्या अंगणातून सकाळी तोंड दाखवून निघायचे असते, त्याच्या अंगणात बाटल्या टाकून जायची छाती सहसा होत नाही.

आणि पाणी! कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात त्याच कोकणातल्या वाड्यांवर टँकर जातात. तंबूतला माणूस दोन बादल्यांत आटोपतो, कारण त्या त्याला स्वतः ओढाव्या लागतात. त्याच मे महिन्यात शेजारचे रिसॉर्ट तरणतलाव भरते. त्या तलावात डुंबणाऱ्या कुटुंबाने आमच्या बिस्किटाच्या पुड्यावर बोट ठेवावे, ही मला मोठी गंमत वाटते.

वाळूवरून गाड्या फिरवणाऱ्यांविषयी मात्र एक अक्षर बचावाचे बोलणार नाही. वेळास, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला गावकऱ्यांच्या साथीने ती घरटी जपली. त्या वाळूत चाक घालणारा माणूस दुचाकीवरचा असो की चारचाकीतला, त्याला जबर दंड व्हावा. एवढे फक्त नोंदवतो की भरतीत अडकून ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागलेल्या वाहनांच्या ज्या बातम्या दर हंगामात येतात, त्यांतली वाहने बहुतेक चारचाकी असतात आणि आत सहकुटुंब मंडळी असतात.

आता गळ. इथे टीकाकाराचा आवाज चढतो. शाकाहारी माणसाने हा आक्षेप घेतला तर मी मान खाली घालून ऐकतो, त्याच्याशी माझा वाद नाही. पण समोर सुरमईचा तुकडा मोडता मोडता जो ‘करमणुकीसाठी हत्या’ म्हणतो, त्याला काही विचारायचे आहे. ताटातला मासा कुठल्या जाळ्याने आला? पर्ससीन जाळ्याने अख्खा थवा उचलला होता का? रात्री एलईडीचे झोत सोडून मासे गोळा केले होते का? केंद्राने त्या पद्धतीवर २०१७ मध्ये बंदी घातली आणि तरी मालवणच्या रापणकऱ्यांना तिच्याविरुद्ध ओरडावे लागते. पापलेट पुरेसे वाढलेले होते की पिल्लू? २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केले, त्यामागे सातपाटीच्या मच्छीमारांची हीच काळजी होती की पिल्लेच धरली जात आहेत. थाळी मागवणाऱ्याला यातले काही कळत नाही आणि कळून घेण्याची गरजही पडत नाही. गळवाल्याच्या हातात मासा जिवंत येतो. तो लहान आहे की मोठा, पोटात गाबोळी आहे का, ठेवायचा की सोडायचा, हे त्याला तिथेच ठरवावे लागते. राज्याने अनेक जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. ती लांबी मोजायची संधी साखळीत सगळ्यांत आधी ज्याला मिळते त्याला तुम्ही निर्दय म्हणता, आणि ज्याला कधीच मिळत नाही तो सुसंस्कृत!

शिवाय ज्याने खाडीवर एकदाही गळ टाकला नाही, त्याला ही करमणूक किती कष्टाची आहे याची कल्पना नसते. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणतात आणि भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. जागेप्रमाणे थोडे मागेपुढे होते, पण चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी ना नीट चढत ना उतरत. गटातल्या सगळ्यांनी शनिवार-रविवारची सुट्टी काढलेली असली आणि त्या दिवशी भांगाचे पाणी असले, तर सुट्टी कुणी विचारत नाही. आमिषाला ताजी कोळंबी लागते, ती सकाळी कोळणीकडूनच घ्यावी लागते आणि कोळीण देता देता विचारते, ‘कुठे बसणार?’ जागा सांगितली की हसते. मग खरी जागा सांगते, जिथे ओहोळ खाडीला मिळतो, जिथे खडकाखाली तांबोशी असते. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि गोव्यात चोणक, तो मिळेल या आशेने तासन्‌तास बसावे आणि शिंगाळा यावा, हा नेहमीचा अनुभव. शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला की रात्रभर ठणका. निर्दयपणाचा हिशेब मांडताना तोही धरावा.

कायद्याचेही बोलू, कारण ‘कुठेही गळ टाकतात’ ही तक्रार रास्त आहे. धरणाच्या जलाशयातले मासेमारीचे हक्क बहुधा तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात. त्यांना न विचारता बसणारा शहरी हौशी माणूस त्यांच्या तळ्यातली चोरी करतो. अभयारण्यात गळ घेऊन जाऊच नये. राखीव जंगलात नियम मोडून मासे धरणे १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि नदीत सुरुंगाची दारू किंवा विष टाकून मासे मारायला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी डोहांतून सुरुंगाचे आवाज येतात. त्या डोहावर दिवसभर गळ घेऊन बसलेली चार माणसे असली तर सुरुंग टाकणारा तिकडे फिरकत नाही. महाडजवळ वाळण कोंडला किंवा आळंदी-देहूला देवाचे म्हणून जपलेले महसीर आहेत. तिथे कुणी गळ काढला आणि गावकऱ्यांनी त्याला गळासकट पाण्यात ढकलले, तर मी गावकऱ्यांच्या बाजूने साक्ष देईन.

महसीराचे नाव निघालेच आहे तर कावेरीची हकिगत सांगायला हवी, कारण तिने माझ्याच एका मताला धक्का दिला. धरायचा, मिठीत घेऊन फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, ही साहेबी पद्धत मला आवडत नाही. खायचा असेल तर धरावा, नसेल तर पाण्याकडे नुसते बघत बसावे, अशा मताचा मी. कावेरीकाठी गलिबोरेच्या तळावर मात्र गळवाले हेच करत, आणि सोबत धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा कळले की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर जवळजवळ नाहीसा होत चालला आहे आणि त्याची जागा दुसऱ्याच महसीराने घेतली आहे. हा दुसरा महसीर आपला. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये ज्याचे वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरून केले, तोच. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्ले वाढवली गेली आणि संवर्धनाच्या सद्‌हेतूने ती लांबलांबच्या नद्यांत सोडण्यात आली. कावेरीत ती फोफावली. २०१८ मध्ये मूळच्या महसीराची नोंद आययूसीएनच्या अतिसंकटग्रस्त यादीत झाली. चांगल्या हेतूने केलेले काम अंगलट आल्याचे ज्या वह्यांनी दाखवले त्या गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांच्या होत्या. ती हौस आधीच बंद पाडली असती, तर मासा गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. साहेबी पद्धत मला अजूनही आवडत नाही, पण तिच्याविरुद्ध बोलताना आता जपून बोलतो.

मग मागणी काय? ग्रामपंचायतींनी ‘तंबू ठोकण्यास व गळ टाकण्यास मनाई’ असे फलक लावावेत, ही अलीकडे ऐकू येणारी मागणी चुकीच्या माणसाला पकडते. फलक वाचून थांबतो तो विचारून राहणारा, फलकाला टेकून बाटली फोडतो तो कधीच थांबत नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण केले, म्हणजे चाकांवरचे घर घेऊन फिरणाऱ्या श्रीमंताची सोय विचारात घेतली. दुचाकीवर तंबू बांधून येणाऱ्यासाठी त्याहून फार थोडे पुरते. गावाच्या कडेला दहा तंबूंची एक सपाट जागा, माडांपासून दूर. एक नळ, दोन संडास, माणशी शंभर रुपये, नाव-गाव आणि गाडीचा नंबर लिहायची वही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, तो नियम देशभर २००० सालापासून आहेच. कचरा आपल्या पिशवीतून परत न्यायचा, सकाळी वहीत सही करताना पिशवी दाखवायची. शेजारी एक पाटी: आजची तिथी, भरतीची वेळ, कुठला मासा किती लांबीच्या आत सोडून द्यायचा. वही सांभाळायला गावातला एखादा निवृत्त खलाशी किंवा बचत गट मिळेल. मनाईचा फलक रंगवायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यातच ही पाटीही रंगवून होते.